तरवडाचं फूल आणि तरवडाची साल

(सोलापुरात नवरात्राच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



समोर टेबलावर ठेवलेली ही फांदी मी आज सकाळी तुळजापूर रस्त्याच्या कडेची तोडून आणली. पिवळीधमक फुलं, चिंचेसारखी पण जरा मोठी पानं. किती जणांनी ओळखली? बरेच हात वर आहेत. बरोबर, तरवड. सोलापूरच्या माणसाला तरवड ओळखता आला नाही, तर त्याच्या घरी घट बसत नसणार एवढंच म्हणायचं. (हशा)

तत्त्वज्ञानाचा मास्तर झुडपावर काय बोलणार, ही शंका रास्त आहे. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नाही. पण या झुडपाने वयाच्या आठव्या वर्षी मला एक प्रश्न घातला, आणि पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकूनशिकवून मला त्याचं उत्तर अर्धंमुर्धंच सापडलं. त्या प्रश्नाचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी झुडपाची ओळख. तरवड हा इथलाच, बाहेरून आलेला नाही. भारताच्या द्वीपकल्पाचा कोरडा भाग आणि श्रीलंका हे त्याचं घर. उंची माणसाच्या कमरेएवढी, फार तर डोक्याच्या वर. लिनिअसने १७५३ साली त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा असं नाव दिलं. ऑरिक्युलाटा म्हणजे कानांचं. पानाच्या देठाशी ही दोन गोलसर उपपर्णं दिसतात ना, अगदी कानाच्या पाळीसारखी, त्यावरून ते नाव पडलं. आता शास्त्रज्ञ त्याला सेना ऑरिक्युलाटा म्हणतात. संस्कृतात आवर्तकी, गुजरातीत आवळ, राजस्थानात आंवल, तेलुगूत तंगेडू, तमिळमध्ये आवारम, सिंहलीत रणवरा. मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या गावात या झुडपाला हाका मारायला नावांची कधी कमी पडली नाही.

ते उगवतं कुठं? राजस्थान-गुजरातची निमवाळवंटी जमीन, दख्खनचा मुरमाड माळ, तमिळनाडूची किनारपट्टी, लंकेचा कोरडा किनारा. म्हणजे जिथे पाणी कमी किंवा खारं, आणि माती नावापुरती. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. शेळ्यामेंढ्या माळावरचं दिसेल ते खातात, पण तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे गवत संपलं तरी तरवड उभा असतो, आणि भाद्रपद-आश्विनात अख्खा माळ पिवळा करतो.

आता माझी गोष्ट. साधारण १९५८-५९ साल असेल. आमचं गाव इथून फार लांब नाही. घटाला रोज एक माळ लागायची, आणि तरवडाची फुलं आणायचं काम माझ्याकडे होतं. एका सकाळी माळावर गेलो तर माझ्याच वयाचा एक मुलगा आणि त्याची आई तरवडाच्या फांद्या तोडत होती. मुलगा फांद्यांची साल सोलून भारा बांधत होता. हे गावाबाहेर राहणारं, कातडी कमावणारं कुटुंब. मला वरच्या फांदीपर्यंत हात पोचेना. त्याने ती वाकवली, चांगला फुलांचा घोसच्या घोस मोडला आणि माझ्या टोपलीत टाकला. मला वाटलं, आज लवकर काम झालं.

घरी आल्यावर आज्जीने विचारलं, "एवढी कुठनं आणलीस रं?" मी खरं ते सांगितलं. आज्जीने टोपली दाराबाहेर पालथी केली, माझ्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "जा, दुसरी आण." मी परत गेलो. तोवर ती दोघं निघून गेली होती. मी त्याच झुडपाची, त्याच फांदीच्या शेजारच्या फांदीची फुलं तोडली. ती घटाला चालली.

आज्जी दुष्ट नव्हती. भुकेल्याला तिने कधी उपाशी पाठवलं नाही. पण मला कळेना, एका झुडपाची फुलं सकाळी विटाळलेली आणि तासाभराने पवित्र, हे कसं? मी विचारलंही. "तसंच असतंय," असं उत्तर मिळालं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मिळालेलं हे पहिलं उत्तर. (हशा)

आज मागे वळून बघताना मला वाटतं, तरवडाचे दोन इतिहास आहेत. एक फुलाचा, एक सालीचा. फुलाचा इतिहास आपण जपला. सालीचा इतिहास आपण गावाबाहेर ठेवला.

फुलाचा थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे घटावर तरवडाची माळ. शहराच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरी याच दिवसांत बतुकम्मा असते. तेलंगणातून ही मंडळी मागांच्या आणि गिरण्यांच्या कामासाठी सोलापुरात आली, आणि येताना हा सणही घेऊन आली. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत बायका फुलांचे थर रचून देवी उभी करतात, तिच्याभोवती फेर धरतात. त्या थरांत कुरडूच्या जोडीला मान तंगेडूचा, म्हणजे आपल्या तरवडाचा. तेलंगणा राज्य झाल्यावर त्यांनी २०१४ साली तंगेडूला राज्यफूल केलं. तमिळनाडूच्या कोंगू भागात पोंगलच्या सुमारास कडुलिंबाबरोबर आवारमची फुलं दाराला बांधतात. लंकेत वाळलेल्या फुलांचा चहा करून पितात. वैद्यकातही तरवड आहे, पण ते तुम्ही वैद्याला विचारा, मला नको.

आता साल. इंग्रजीत या झुडपाला पडलेल्या नावाचा अर्थच मुळी 'चांभाराचा' नव्हे, 'कातडं कमावणाऱ्याचा तरवड' असा आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. जनावराच्या अंगावरून काढलेलं ते कातडं, आणि कमावल्यावर होतं ते चामडं. कातडं दोन दिवसांत सडतं, चामडं पिढीभर टिकतं. मधे जे घडतं, ती एक विद्या आहे.

आधी कातडं भिजवायचं, मग चुन्याच्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे केस सुटतात. मग आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडून काढायची, चुना धुऊन काढायचा. त्यानंतर सालीचं पाणी. तरवडाच्या सालीत साधारण १५ ते २० टक्के टॅनिन असतं, म्हणजे तुरट द्रव्य. ते कातड्यातल्या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट चिकटतं, आणि मग त्याला कुजवणाऱ्या जंतूंचं काही चालत नाही. एक पद्धत खड्ड्यांची किंवा हौदांची. दुसरी पिशवीची. कातडं शिवून त्याची पिशवी करायची, त्यात कुटलेली साल आणि पाणी भरायचं आणि ती तिवईला टांगायची. पाणी कातड्यातून थेंब थेंब झिरपतं, खाली भांड्यात जमतं, ते पुन्हा वरून ओतायचं. कित्येक दिवस. तरवडाने कमावलेलं चामडं फिकट पिवळसर निघतं, पण उन्हाने लाल पडायला लागतं. म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्यात काढायचं, मग रंग टिकतो. हे सगळं कोणी प्रयोगशाळेत शोधलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या हाताने, नाकाने आणि जिभेने ठरवलेलं आहे.

आणि या चामड्याचं व्हायचं काय? पायताण, पखाल, बैलाच्या गळ्यातले पट्टे, आणि सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे मोट. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या लोकांनी मोट पाहिली असेल. विहिरीच्या काठावर कणा, त्यावरून नाडा, बैल धावेवरून खाली उतरले की चामड्याची भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. तिथून पाट, पाटातून पाणी मळ्यात. इंजिनं आणि विजेचे पंप येईपर्यंत या कोरडवाहू जिल्ह्यात जो काही ओला पट्टा होता, तो या चामड्याच्या जोरावर. मोट टिकली नाही, तर ऊस नाही, भाजी नाही, केळ नाही.

आमच्या विहिरीवरची मोट त्या मुलाच्या बापाने दिलेल्या चामड्याची होती. आणि माझी आज्जी, जिने त्याच्या हातची फुलं टाकून दिली, ती मळ्यात गेली की थारोळ्याशी वाकून ओंजळीने पाणी प्यायची. मी तेही विचारलं. ती म्हणाली, "वाहत्या पाण्याला विटाळ न्हाई."

इथे जरा थांबू या, कारण मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. विटाळाचा नियम वस्तूच्या गुणावर आधारलेला असता, तर चामड्यातून आलेलं पाणी आधी टाकलं गेलं असतं आणि फुलं नंतर. झालं उलटं. पाण्यावाचून चालत नव्हतं, म्हणून पाण्याला सवलत मिळाली. फुलं दुसरी मिळत होती, म्हणून फुलांना सवलत नव्हती. देवीच्या गोंधळात संबळ वाजतो, त्यावर चामडंच ताणलेलं असतं. देवळात मृदंग चालतो. जिथे गरज होती तिथे आपण सवलत शोधली, आणि ती सवलत वस्तूला दिली, माणसाला नाही. मोट आत आली. ती घडवणारा बाहेर राहिला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात, सर, हा स्वच्छतेचा प्रश्न होता. कातडं कमावण्याच्या जागी दुर्गंधी असते, म्हणून ती वस्ती लांब ठेवली. दुर्गंधी असते हे खरं आहे. मी तिथून गेलो आहे. जगात बहुतेक जुन्या शहरांत चामड्याचे कारखाने वाऱ्याची दिशा बघून कडेला ठेवलेले दिसतात. पण कामाची जागा लांब ठेवणं वेगळं, आणि आंघोळ करून माळावर आलेल्या मुलाने मोडलेलं फूल टाकणं वेगळं. वास हाताला लागतो आणि धुतला की जातो. हा विटाळ जन्माला लागत होता आणि धुऊन जात नव्हता. म्हणून स्वच्छतेचं कारण इथे पुरत नाही.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली शुचिता आणि विटाळ यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की घाण ही वस्तूत नसते, ती जागेत असते. आपल्या मनात वस्तूंची एक मांडणी ठरलेली असते. त्या मांडणीत जी वस्तू भलत्या जागी सापडते, तिला आपण घाण म्हणतो. चप्पल पायात ठीक, जेवणाच्या ताटाशेजारी घाण. मला हे बरंचसं पटतं. पण बाई एक गोष्ट पुरेशा जोराने सांगत नाहीत असं मला वाटतं. मांडणी ठरवतो कोण? चपलेने आपली जागा ठरवली नाही, ते ठीक आहे. त्या मुलानेही ठरवली नव्हती.

हा प्रश्न माझ्या आधी कोणाला पडलाच नाही असं नाही. आपल्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी तो विचारला गेला. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, बसवेश्वरांभोवती जे शरण जमले, त्यांत कातडं कमावणारे कक्कय्या होते, चामड्याचं काम करणारे हरळय्या होते. आपले सिद्धरामेश्वर त्याच काळातले, त्याच मंडळींतले. या लोकांनी कायक हा विचार मांडला. प्रामाणिक श्रम हीच पूजा, मग तो श्रम कोणताही असो. परंपरा सांगते की हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मधुवरसांच्या मुलीशी झालं, आणि राजा बिज्जळाने दोन्ही बापांना देहदंड दिला. त्यानंतर कल्याणची ती चळवळ विखुरली. आपल्याकडचा कातडी कमावणारा ढोर समाज आजही स्वतःला कक्कय्यांचा वारसा सांगतो आणि कक्कय्या समाज म्हणवतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत आपण दरवर्षी नंदीध्वजांपुढे हात जोडतो. त्या वेळी हेही आठवावं की हे दैवत ज्या संगतीत वावरलं, त्या संगतीत कातडं कमावणारा बरोबरीने बसत होता.

आपल्याच जिल्ह्यातलं मंगळवेढं घ्या. चोखोबा तिथले. वेशीचं बांधकाम कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या पायरीपाशी आहे, आत नाही. त्या देवळाचे दरवाजे सगळ्यांना उघडावेत म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. म्हणजे माळावरचं फूल गाभाऱ्यापर्यंत केव्हाच पोचलं होतं. त्याच माळावर साल सोलणाऱ्याला तिथे पोचायला १९४७ साल उजाडलं.

आता सालीच्या इतिहासाचा दुसरा भाग, जो गावाबाहेरच काय, देशाबाहेर घडला. रेल्वे सोलापूरला १८६० साली आली, आणि १८७१ साली रायचूरला मुंबईकडची आणि मद्रासकडची लाइन जोडली गेली. दख्खन मद्रासच्या बाजाराशी रुळांनी जोडला गेला. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. सोलापूर त्यात भाजून निघालं. माणसं गेली, गुरं गेली, आणि मद्रासहून कातड्यांची निर्यात वाढली. दुष्काळात कोणाचं तरी दुकान चालतं, हे कटू आहे पण खरं आहे. मद्रासकडे आवारमच्या सालीने कमावलेली गाई-बैलांची हलकी चामडी लंडनच्या बाजारात 'ईस्ट इंडिया किप' या नावाने विकली जात. आल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०४ साली मद्रास इलाख्यातल्या या धंद्यावर पुस्तिका लिहिली. पहिल्या महायुद्धात सरकारने हे चामडं ताब्यात घेतलं, कारण सैनिकांच्या बुटांचा वरचा भाग त्याचा होत असे. युरोपच्या चिखलात उभ्या असलेल्या शिपायाच्या पायात आपल्याकडच्या माळावरचं झुडूप होतं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

पण तोवर त्याची घसरण सुरू झाली होती. १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावण्याचं पेटंट घेतलं. गंमत बघा, आपल्या सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, ज्यात इंग्रजांनी जातवार धंदे लिहून ठेवले, तेही १८८४ चंच. इकडे जात आणि धंदा यांची गाठ छापली जात होती आणि तिकडे त्या धंद्याची विद्या निकामी करणारा शोध लागत होता. क्रोमने आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. खुद्द चॅटर्टननेच मद्रासला क्रोमचे प्रयोग केले. शिवाय दक्षिण आफ्रिकेतून वॉटल नावाच्या, मूळच्या ऑस्ट्रेलियन झाडाची साल स्वस्तात यायला लागली. झुडपाच्या काटक्या सोलत बसण्यापेक्षा ती परवडली. तरवडाची साल बाजारातून हळूहळू हटली. गावात मोट होती तोवर थोडी चालली. मोट गेली, आणि खड्डेही बुजले.

मग क्रोमचं काय झालं? तमिळनाडूत वेल्लोर भागात चामड्याच्या कारखान्यांच्या पाण्याने पालार नदी आणि विहिरी नासल्या, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला 'जो प्रदूषण करेल तो भरपाई देईल' असा निकाल द्यावा लागला. जुन्या सालीच्या पाण्यालाही वास होता, ते काही गंगाजल नव्हतं. पण मला यात एक बोचरी गोष्ट दिसते. जेव्हा विटाळ कल्पनेतला होता, तेव्हा तो आपण एका समाजाच्या अंगाला कायमचा चिकटवला. जेव्हा विटाळ खरोखरचा, पाण्यात मोजता येईल असा झाला, तेव्हा तो कोणाचा हे ठरवायला न्यायालयात जावं लागलं.

अलीकडे वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याला पुन्हा मान मिळतो आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात सोलापूर आहे. त्यात वापरतात ती मुख्यतः बाभळीची साल आणि हिरडा. चपलेचा अभिमान आपण बाळगतो, बाळगावाच. त्या अभिमानात चामडं कमावणाऱ्याचं नाव किती वेळा येतं, तेवढं मोजून बघा.

मी त्या मुलाला पुढे शोधलं का, असं तुम्ही विचाराल. शोधलं, पण फार उशिरा. मोटा गेल्यावर ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं. कुठे, ते कोणाला सांगता आलं नाही. त्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. फांदी वाकवून देणाऱ्याचं नाव विचारावं, हे आठ वर्षांच्या मला सुचलं नाही. का सुचलं नाही, हा माझ्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. आज्जीने पाणी शिंपडायच्या आधीच माझ्यात काहीतरी शिंपडलेलं होतं.

एक विनंती करून थांबतो. चामडं कमावण्याच्या कामातले कितीतरी शब्द होते. खड्ड्याला काय म्हणत, सालीच्या पहिल्या पाण्याला काय, दुसऱ्याला काय, चामडं झालं हे कशावरून ओळखत. हे शब्द मला माहीत नाहीत, कारण मला ते कोणी ऐकू दिले नाहीत. पण इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी आजोबांनी हे काम केलं असेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लाज इतरांची आहे. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल, त्याला बसवून विचारा आणि लिहून ठेवा. ती विद्या आहे, आणि ती जाणत्या माणसांबरोबर चालली आहे.

आणि ज्यांच्या घरी परवा घट बसणार आहेत, त्यांनी माळ ओवताना एक फांदी हातात घेऊन नखाने जरा साल सोलून बघा. जिभेला लावा. तुरट लागेल. या तुरटपणावर आपले मळे भिजत होते.

आता प्रश्न विचारा, मला जमेल तशी उत्तरं देतो.